स्थळ आहे, मुक्काम नाही : आष्टी-पाटोदा परिसराविषयीच्या पर्यटनलेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकास असलेला आष्टी तालुका आणि त्यास लागून असलेले पाटोदा, जामखेड व पाथर्डी हे तालुके यांच्याविषयी 'प्रेक्षणीय स्थळे' या मथळ्याखाली गेल्या अर्धशतकात बरेच लेखन झाले आहे. जिल्हा गॅझेटिअर, शासकीय पुस्तिका, देवस्थानांची माहितीपत्रके, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील पावसाळी लेख असे त्याचे विविध प्रकार आहेत. या लेखनाकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ते उपयुक्त माहिती म्हणून वाचले जाते व विसरले जाते. तथापि एखाद्या प्रदेशाने स्वतःची ओळख बाहेरच्या माणसाला कशी करून दिली, कोणत्या गोष्टी सांगितल्या आणि कोणत्या सांगावयाच्या टाळल्या, हे पाहावयाचे असेल तर या लेखनाइतके बोलके साधन दुसरे नाही. प्रस्तुत लेखात या लेखनाची चिकित्सा करावयाची आहे. त्यात स्थळ असते, परंतु काळ नसतो. पाहणारा असतो, परंतु यजमान नसतो. त्यामुळे रात्र कोठे काढावयाची, या प्रवाशाच्या सर्वांत साध्या प्रश्नाला त्यात उत्तर मिळत नाही.

यादीचे मूळ

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले तत्कालीन भीर जिल्ह्याचे गॅझेटिअर १९६९ चे आहे. या ग्रंथमालेत अखेरचे प्रकरण स्थळांचे असते व स्थळे वर्णानुक्रमे मांडलेली असतात. देऊळ कोणत्या दिशेस आहे, यात्रा कोणत्या तिथीस भरते, गावात कोणती कार्यालये आहेत अशा नोंदी क्रमाने येतात. विश्रामगृहांची माहिती मात्र दळणवळणाच्या प्रकरणात देण्याची या ग्रंथांची रीत आहे. ती माहिती मुख्यतः दौऱ्यावरील अधिकाऱ्यासाठी असते. पाहण्याची जागा एका प्रकरणात आणि राहण्याची जागा दुसऱ्या प्रकरणात, ही विभागणी प्रशासनाच्या सोयीची होती व त्या ग्रंथांच्या हेतूस ती शोभते. पुढील लेखकांनी स्थळांचे प्रकरण उचलले आणि दळणवळणाचे प्रकरण तेथेच ठेवले. आजच्या बहुतेक याद्या या अर्ध्या उचललेल्या गॅझेटिअरच्या नकला आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

नावांच्या साम्यामुळे होणाऱ्या घोटाळ्याचाही येथे उल्लेख करावयास हवा. १८१८ च्या फेब्रुवारीत ज्या आष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील आहे आणि १९४२ च्या ऑगस्टमधील हुतात्म्यांची आष्टी वर्धा जिल्ह्यातील. बीडच्या आष्टीला अशा उसन्या इतिहासाची गरज नाही. खर्ड्याची १७९५ ची लढाई जेथे झाली तो परिसर शेजारच्या जामखेड तालुक्यातच आहे.

सौताड्याची दरी

या परिसरातील सर्वाधिक छायाचित्रे निघणारे ठिकाण म्हणजे पाटोदा तालुक्यातील सौताडा. बालाघाटाच्या पठारावरून जामखेडच्या दिशेने उतरणारी विंचरणा नदी येथे एकदम खोल दरीत कोसळते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पुढे ही नदी जामखेडवरून जाऊन सीनेस मिळते. श्रावणात भाविकांची रीघ लागते आणि पाऊस चांगला झालेल्या वर्षी धबधबा पाहावयास येणाऱ्यांची गर्दी त्याहून अधिक होते. वर्णनपर लेखांत या ठिकाणास 'मराठवाड्याचे' अमुक आणि 'बीडचे' तमुक अशी उपमा देण्याची प्रथा पडली आहे. उपमान नेहमी सह्याद्रीच्या माथ्यावरचे किंवा काश्मीरचे असते. या उपमांनी एक मोठी हानी होते, ती अशी की वाचक बारमाही हिरवाईची अपेक्षा बाळगून येतो.

वस्तुतः सौताडा हे पर्जन्यछायेतील ठिकाण आहे आणि त्याचे सौंदर्यही तेच आहे. उघडाबोडका माळ, विरळ बोरी-बाभळी, आणि त्या माळाच्या पोटात अवचित उघडणारी काळ्या कातळाची दरी. पाण्याचे दिवस मोजके. कोरड्या वर्षी धबधबा नाममात्र असतो. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात आष्टी तालुक्यात जनावरांच्या छावण्या उभ्या होत्या. शेतकरी आपल्या गुरांसह त्या छावण्यांत मुक्कामास होते. याच मुलखाविषयी त्याच काळात लिहिलेल्या पर्यटनपर मजकुरात 'निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केलेला' हा शब्दप्रयोग यावा, याला केवळ भाषेचा आळस म्हणून सोडून देता येत नाही. असा मजकूर वाचून मे महिन्यात येणारा मनुष्य फसतो आणि पुन्हा येत नाही. कोरडी दरीही पाहण्याजोगी असते. कातळाचे थर, कड्याच्या कपारी, उन्हाळ्यातही तळाशी टिकून राहिलेली सावली यांविषयी लिहावयास मात्र लेखकाने स्वतः उन्हाळ्यात तेथे उतरले पाहिजे.

पाटोदा तालुक्यातीलच नायगाव मयूर अभयारण्याची हकिगत अशीच आहे. १९९४ मध्ये घोषित झालेल्या, सुमारे ३० चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याविषयीचे लेखन बहुधा मोराच्या पिसाऱ्यापाशी संपते. मोर पाहावयाचा तर पहाटे तेथे असावयास हवे, म्हणजेच आदली रात्र जवळपास काढावयास हवी, हा साधा हिशेब त्यात नसतो.

पोथी हीच मार्गदर्शिका

यादीकारांच्या आधीपासून या प्रदेशात प्रवासी येत आले आहेत. ते यात्रेकरू होत. आष्टी तालुक्यातील सावरगाव येथे मच्छिंद्रनाथांची समाधी असून ते ठिकाण मायंबा या नावाने ओळखले जाते. तेथून जवळच पाथर्डी तालुक्यात कानिफनाथांची मढी आहे. बालाघाटाच्या या फाट्यास नाथपरंपरेत गर्भगिरी म्हणतात. येथे येणाऱ्या माणसाच्या हाती माहितीपत्रक नसते. त्याच्या घरी श्रावणात 'नवनाथ भक्तिसार' या पोथीचे पारायण झालेले असते आणि कोणत्या डोंगरावर कोणते नाथ, हे त्याला ऐकून ठाऊक असते. ही पोथी मार्गदर्शिका म्हणून अधिक यशस्वी का ठरली, याचा विचार समीक्षकाने करावयास हवा. पोथीत स्थळ हे घटनेचे ठिकाण असते व ऐकणाऱ्याचे त्या घटनेशी नाते असते. यादीत स्थळ ही केवळ एक वस्तू असते आणि वाचकाशी तिचा काही संबंध जुळत नाही.

मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते आणि सावरगावलाही पाडव्याच्या सुमारास मोठी गर्दी होते. मढीस भटक्या जमातींची पंढरी म्हणत आले आहेत. वैदू, गोपाळ, कैकाडी इत्यादी समाजांच्या जातपंचायती येथे बसत. गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. वर्षभर विखुरलेले लोक एका माळावर पालांत आठवडा-आठवडा मुक्काम करीत, सोयरिकी जुळवीत, व्यवहार मिटवीत. जातपंचायतींनी दिलेल्या निवाड्यांपैकी किती न्याय्य होते हा निराळा व गंभीर प्रश्न आहे, त्याची चर्चा अन्यत्र व्हावी. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मुक्कामाची व्यवस्था यात्रेकरूने स्वतःबरोबर आणलेली होती. पाल ठोकावयास माळ पुरेसा होता. आजचा मोटारीतून येणारा भाविक तासाभरात दर्शन घेऊन परततो. त्याच्यासाठी भक्तनिवास बांधावेत अशी मागणी होते, ती योग्यच आहे. पण पालांसाठीचा माळ राखून ठेवावा असे लिहिणारा लेखक मला अद्याप भेटलेला नाही.

आणखी एक बाब नोंदविण्यासारखी आहे. १८८४ च्या इंग्रजी अमदानीतील अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये मढीच्या देवस्थानाची नोंद कान्होबा आणि शाह रमजान माही सवार अशा दोन्ही नावांनी आहे व तेथे हिंदू-मुसलमान दोन्ही भाविक येत. माहितीपत्रकांतून मात्र सहसा एकच नाव आढळते. यादी आटोपशीर होते, परंतु ज्याच्या आजोबांनी दुसऱ्या नावाने नवस फेडला तो वाचक त्या पत्रकाबाहेर राहतो.

यजमान कोठे आहे?

येथे या लेखनातील सर्वांत मोठ्या मौनाकडे वळावे लागते. आष्टी, पाटोदा व एकूणच बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी मोठे स्थलांतर होते. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला 'कोयता' असेच म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील कारखान्यांवर जाते आणि गाळप हंगाम आटोपल्यावर, म्हणजे साधारणतः पाडव्याच्या मागेपुढे परतते. आता हे वेळापत्रक पर्यटनाच्या वेळापत्रकावर ठेवून पाहावे. धबधब्याचे दिवस आषाढ ते आश्विन. हवा सुखद असते ती त्यापुढील हिवाळ्यात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातील धडधाकट माणसे उसाच्या फडात कोप्या घालून राहत असतात. मागे म्हातारी माणसे व शाळेत जाणारी मुले उरतात. नाथांच्या यात्रांचा काळ मात्र परतीच्या काळाशी जुळतो. या यात्रांना अजूनही गावचे रूप असते, त्याचे हे एक कारण असावे असे मला वाटते.

या तालुक्यांत मुक्कामाची जी व्यवस्था अलीकडे शासनाने उभी केली तिचे स्वरूपही या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालविली जातात, आणि २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली. बाहेरच्या पाहुण्यासाठी खोली नाही आणि घरच्या मुलासाठी वसतिगृह लागते, अशी ही परिस्थिती आहे. 'पर्यटनातून रोजगार' हे शब्द प्रत्येक पुस्तिकेत असतात. कोयता हा शब्द एकाही पुस्तिकेत माझ्या पाहण्यात आला नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. किमान एक एकर शेती असणाऱ्यास त्याखाली नोंदणी करता येते व मर्यादित संख्येने खोल्या काढता येतात. पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना त्याही पूर्वीची आहे. दोन्हींत यजमान घरी राहतो हे गृहीत आहे. बारामती तालुक्यातील पळशीवाडीसारख्या ठिकाणी हे गृहीतक खरे ठरले. तेथील शेतीला पाण्याचा आधार आणि पुणे जवळ, या दोन गोष्टी विसरून चालणार नाही. आष्टीतील कोरडवाहू शेतकऱ्याला मुकादमाची उचल हंगामाआधी एकरकमी मिळते. पाहुण्याचे पैसे मात्र पाऊस पडला तर आणि पडेल तेव्हा. यांपैकी तो कशाची निवड करील हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही. खोल्यांना अनुदान देण्यापेक्षा पहिल्या दोन हंगामांची मिळकत हमीने देण्याचा विचार धोरणकर्त्यांनी केला असता तर त्या धोरणाचा या तालुक्यांशी काही संबंध जुळला असता.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेता येईल. आयर्लंडमधील टिपररी परगण्यात गॅल्टी पर्वतरांगेच्या पायथ्याशी आहेरलोचे खोरे आहे. पायवाटा, लहान अतिथिगृहे व शेतघरे यांच्या आधारे तेथील ग्रामीण पर्यटन उभे आहे. आपल्याकडील लेखक असे उदाहरण देतात तेव्हा हिरवळ आणि स्वच्छता यांवर थांबतात. १८४५ च्या सुमारास सुरू झालेल्या दुष्काळानंतर आयर्लंडमधून लक्षावधी लोक देशोधडीस लागले, हे त्या पर्यटनाच्या मुळाशी आहे. परागंदा झालेल्यांचे वंशज पूर्वजांचे गाव शोधीत येतात. २०१३ मध्ये त्या देशाने 'द गॅदरिंग' नावाने अशा वंशजांना वर्षभर निमंत्रणच दिले होते. स्थलांतर लपवून न ठेवता त्यालाच निमंत्रणाचे कारण करणे, ही त्या लेखनाची शिकण्यासारखी बाब आहे.

कामासाठी येणारा पाहुणा

या परिसरात बाहेरचा माणूस येऊन राहतच नाही असे मात्र नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील अल्पशिक्षित स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या आणि त्यांचे काम शिकण्यासाठी अनेक देशांतून लोक जामखेडला येऊन राहत आले आहेत. नगर तालुक्यातील हिवरे बाजार व पारनेरमधील राळेगणसिद्धी येथे पाणलोटाचे काम पाहावयास अभ्यासगट येतात. ही तिन्ही ठिकाणे अवर्षणप्रवण आहेत. तेथे येणारा पाहुणा पाण्याचा बांध पाहतो, प्रश्न विचारतो आणि गावच्या माणसाकडून उत्तर ऐकतो. 'प्रेक्षणीय' या शब्दाच्या अर्थात हे बसत नाही म्हणूनच बहुधा प्रेक्षणीय स्थळांच्या याद्यांत जामखेडचा उल्लेख खर्ड्याच्या किल्ल्याकरिता येतो, आरोग्यसेविकांकरिता येत नाही.

न्यू आष्टी ते अहमदनगर ही रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून ती बीडपर्यंत धावू लागली. नगर शहराचे नाव दरम्यान अहिल्यानगर झाले. दोन पिढ्यांनी वाट पाहिलेल्या या मार्गाचे स्वागत करणाऱ्या लेखांत 'पर्यटनास चालना' हे वाक्य आलेच. गाडीतून न्यू आष्टी स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाने सावरगावला कसे जावे, तेथून सौताड्याला कोणती एसटी मिळेल, परतीची गाडी चुकल्यास रात्री कोणाचे दार वाजवावे, एवढी माहिती देणारी चार पानांची पुस्तिका मराठीत निघाली तर ती आजवरच्या सर्व याद्यांपेक्षा अधिक उपयोगाची ठरेल. तालुक्यातील महाविद्यालयांच्या भूगोल व मराठी विभागांना एका उन्हाळी सुटीत हे काम करता येण्याजोगे आहे. विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे आईवडील त्याच सुमारास फडावरून परतलेले असतात. कोणत्या गावात कोणाच्या घरी पडवी रिकामी आहे, हे त्यांना विचारावे.