बोधचिन्हाची निवड आणि मुक्तस्रोत समूह : ‘फ्रीबीएसडी’च्या चिन्हबदलाची चिकित्सा

संगणकप्रणालीच्या बोधचिन्हाकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. चित्रकलेच्या दृष्टीने ते क्षुल्लक आणि संगणकशास्त्राच्या दृष्टीने ते अप्रस्तुत, असा दुहेरी समज त्यामागे असावा. मुक्तस्रोत प्रकल्पांच्या बाबतीत हा समज टिकत नाही. येथे मालक नसतो, जाहिरात विभाग नसतो. विखुरलेल्या स्वयंसेवकांना ‘आम्ही’ म्हणवून घेण्यासाठी जी थोडी साधने उपलब्ध असतात, त्यांत चिन्हाचा समावेश होतो. त्यामुळे चिन्ह बदलण्याचा प्रश्न हा समूहाच्या स्वओळखीचा प्रश्न बनतो. प्रस्तुत लेखात ‘फ्रीबीएसडी’ या प्रकल्पाने २००५ मध्ये केलेल्या चिन्हबदलाचा या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

बर्कले विद्यापीठातील युनिक्सच्या परंपरेतून १९९३ मध्ये उदयास आलेल्या या प्रणालीने आरंभापासून एक लाल, शिंगे असलेला, हसरा ‘डीमन’ मिरवला. त्याचे मूळ १९७६ मधील फिल फोग्लिओ यांच्या चित्रापर्यंत जाते; परंतु जगाला परिचित असलेले रूप १९८४ पासून जॉन लॅसेटर यांनी रेखाटले. पुढे १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ हा चित्रपट दिग्दर्शित करणारे लॅसेटर ते हेच. ‘बीएसडी’ या आद्याक्षरांच्या उच्चारावर कोटी करून या आकृतीस ‘बीस्टी’ असे लाडके नाव मिळाले.

हे चित्र म्हणजे एक अनेकपदरी श्लेष आहे. युनिक्समध्ये पडद्याआड राहून अखंड काम करणाऱ्या प्रक्रियेला ‘डीमन’ म्हणतात. ही संज्ञा १९६० च्या दशकात एमआयटीमधील ‘प्रोजेक्ट मॅक’च्या संशोधकांनी मॅक्सवेल यांच्या प्रसिद्ध विचारप्रयोगातील, रेणूंची निवड करीत बसणाऱ्या काल्पनिक जीवावरून घेतली. ग्रीक ‘डायमॉन’ हा सैतान नव्हे; तो देव व मानव यांच्यामधील एक अदृश्य सत्त्व. मराठीत ‘राक्षस’ वा ‘पिशाच’ हे प्रतिशब्द येथे पूर्णतः फसतात. कोकण-गोव्यातील ‘राखणदार’ ही कल्पना मात्र मूळ अर्थाच्या पुष्कळ जवळ जाते. बीस्टीच्या हातातील काट्यालाही अर्थ आहे. एका प्रक्रियेतून तिचीच दुसरी प्रत निर्माण करणाऱ्या आज्ञेचे नाव ‘फोर्क’ आहे आणि इंग्रजीत काट्यालाही तोच शब्द आहे. (आपल्याकडील प्रेक्षकाला त्रिशूळासारखा हा काटा पाहून सैतान आठवण्याचे कारण नाही, हे ओघाने नमूद करावयास हवे.) पायांतील कॅनव्हासचे बूट या सर्व गांभीर्याला हलकेच चिमटा काढतात. जाणकाराला हसू यावे आणि परक्याला काहीच कळू नये, अशी ही रचना आहे. तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत.

२००५ च्या फेब्रुवारीत प्रकल्पाने नव्या बोधचिन्हासाठी स्पर्धा जाहीर केली. कारणे तांत्रिक होती व ती ग्राह्यही होती. चित्र तपशिलांनी गजबजलेले, रंगांच्या छटांवर अवलंबून. ते लहान आकारात वा एकरंगी छपाईत नीट उतरत नसे. शिवाय ते केवळ या एका प्रकल्पाचे नव्हते, संपूर्ण बीएसडी परंपरेचे होते. त्याचे हक्क मार्शल कर्क मॅक्युसिक यांच्याकडे आहेत. धार्मिक गैरसमजाची अडचणही चर्चेत होती. भगिनी प्रकल्प ‘नेटबीएसडी’ने २००४ मध्येच इवो जिमा येथील ध्वजारोहणाच्या छायाचित्रावर बेतलेले डीमनांचे जुने चित्र सोडून साधा नारिंगी ध्वज स्वीकारला होता. तेथे युद्धस्मृतीचा संदर्भ टाळण्याचे कारण अधिक सबळ होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

८ ऑक्टोबर २००५ रोजी अँटोन गुराल यांची कृती स्वीकृत झाली. लाल गोल आणि त्यातून उगवलेली दोन शिंगे. बीस्टीचे मस्तक शिल्लक राहिले. चेहरा, काटा, बूट गेले. सूचकतेच्या दृष्टीने ही काटछाट कुशल आहे, कारण जुन्या चित्राचा परिचय असलेला प्रेक्षक उरलेले मनात पूर्ण करतो. मात्र येथे एक विसंगती दिसते. छटांवरील अवलंबित्व हा जुन्या चित्रावरचा मुख्य आक्षेप. आणि नवा गोल अधिकृत रूपात चकाकी, छाया व त्रिमितीचा आभास घेऊन आला. त्या काळातील संगणकीय सजावटीत काचेसारख्या चकाकीचे जे आकर्षण होते, त्याची छाप येथे स्पष्ट आहे. बाह्यरेषा साधी असल्याने तो एकरंगी होऊ शकतो, एवढाच बचाव उरतो. दुसरी हानी अधिक गंभीर वाटते. काटा गेल्याने श्लेष गेला. डीमनाचे ‘काम करणे’ चित्रातून नाहीसे झाले आणि उरली ती केवळ शिंगे, म्हणजे गैरसमजाला कारण ठरणारा नेमका भाग.

येथे लिनक्सच्या ‘टक्स’ या पेंग्विनची तुलना उद्बोधक ठरते. लॅरी ईविंग यांनी १९९६ मध्ये ‘गिम्प’ या मुक्त प्रणालीत काढलेले ते चित्र बोधचिन्हाच्या स्पर्धांत विजयी झाले नाही. छटायुक्त, गुबगुबीत, लहान आकारात अस्पष्ट असे ते चित्र बोधचिन्हशास्त्राचे जवळजवळ प्रत्येक सूत्र मोडते. तरीही लिनक्स म्हटले की तेच आठवते. स्पर्धेतील परीक्षण चिन्हाची सुबकता मोजू शकते. त्याविषयीचा जिव्हाळा वापरातून साचत जातो, व तो निवडीच्या दिवशी उपलब्धच नसतो.

हक्कांचा प्रश्न याहून अवघड आहे. बीएसडी परवान्यानुसार आज्ञावली कोणीही घ्यावी, बदलावी, बंदिस्त उत्पादनातही वापरावी. बोधचिन्ह मात्र ‘फ्रीबीएसडी फाउंडेशन’च्या व्यापारचिन्हांत मोडते आणि त्याच्या वापरास अटी आहेत. या ताणाचे टोक २००६ मध्ये ‘डेबियन’ व ‘मोझिला’ यांच्या वादात दिसले. ‘फायरफॉक्स’चे चित्र मुक्त परवान्याखाली नसल्याने डेबियनने ते वगळले, तेव्हा नावही वापरता येणार नाही अशी भूमिका मोझिलाने घेतली. परिणामी तोच न्याहाळक डेबियनमध्ये २०१६ पर्यंत ‘आइसवीझल’ या नावाने वावरला. डेबियनने स्वतःपुरता १९९९ पासून दुहेरी मार्ग पत्करला होता : सर्वांना खुले असे वलय आणि अधिकृत वापरासाठी राखीव असे, बाटलीतून उमटणारे वलय. ही व्यवस्था काहीशी क्लिष्ट असली, तरी प्रामाणिक आहे. चिन्ह खुले ठेवले तर त्याची ग्वाही संपते, राखून ठेवले तर मुक्ततेला बाध येतो, ही अडचण ती झाकत नाही.

फ्रीबीएसडीने बीस्टीला निवृत्त केले नाही. ‘नवे बोधचिन्ह हवे आहे, नवा शुभंकर नव्हे’, असा खुलासा प्रकल्पाच्या वतीने झाला होता. प्रणाली सुरू होताना मजकूर-स्वरूपाच्या पडद्यावर केवळ अक्षरे व विरामचिन्हे जुळवून काढलेले चित्र उमटते. तेथे चकाकीला वाव नाही. गोल ओळखण्यास क्षणभर विचार करावा लागतो. शेपूट व काट्यासह बीस्टी मात्र चटकन ओळखू येतो. कोणते चित्र दिसावे हे वापरकर्त्याला विन्यासाच्या धारिकेत एक ओळ लिहून ठरवता येते.