उपदेशाकडून साक्षीकडे : पंडिता रमाबाईंच्या लेखनाचा एक विचार

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे प्रथम फादर स्टीफन्स आणि त्यानंतर रेव्हरंड टिळक यांची नावे घेतली जातात. पंडिता रमाबाईंचे नाव येते ते बहुधा समाजसेविका म्हणून. त्यांनी अनाथांना, विधवांना व दुष्काळपीडितांना आधार दिला एवढे सांगून आपण पुढे जातो, आणि त्यांच्या पुस्तकांकडे वळण्याची गरज आपल्याला भासत नाही. आमच्या मते यात आपले दुहेरी नुकसान होते. एक तर मराठी गद्यातील एक समर्थ लेखिका आपण गमावतो. शिवाय, श्रद्धा आचरणात उतरत जाते तसतशी माणसाची भाषा कशी पालटत जाते, हे दाखवणारा एक दुर्मीळ दाखलाही आपल्या हातून निसटतो. तो दाखला येथे वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा हेतू आहे.

रमाबाईंचे केडगाव आपल्यापासून दूर नाही. पुणे-दौंड लोहमार्गावरील हे स्थानक दौंड तालुक्यात येते, आणि चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे निघालेला रस्ता भीमा ओलांडून शिरूरला पोहोचतो. शिरूर हे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे एक केंद्र होते. म्हणजे या परिसराला ख्रिस्ती सेवेची ओळख जुनी आहे. त्यातील बरेचसे कार्य आपल्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींनी केले, म्हणून ते आपले नव्हे असे मानण्याचे कारण उरलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या हुकूमनाम्यात, विभक्त बांधवांच्या जीवनात जे जे खरोखर ख्रिस्ताचे आहे ते आनंदाने ओळखावे, असे आपल्याला शिकवले आहे.

रमाबाईंच्या लेखनाचे आम्ही तीन टप्पे मानतो. पहिला टप्पा १८८२ सालच्या ‘स्त्रीधर्मनीति’चा. त्या वेळी रमाबाई चोवीस वर्षांच्या होत्या. आई, वडील व बहीण यांना दुष्काळाने नेले होते, पुढे भाऊ गेला होता आणि त्याच वर्षी पतीचेही निधन झाले होते. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले होते आणि पुण्यात त्यांच्या पुढाकाराने आर्य महिला समाज उभा राहिला होता. पुस्तकाचा हेतू थोर आहे : स्त्रियांनी शिकावे, स्वावलंबी व्हावे. परंतु भाषा संस्कृतप्रचुर आहे आणि स्वर वडीलधाऱ्याचा. अज्ञान, आळस व परावलंबन यांबद्दल स्त्रीलाच बोल लावला जातो. स्वतः इतके सोसलेली लेखिका आपल्या दुःखाचा उच्चार न करता उच्चासनावरून बोलते. हे पुस्तक वाचून एखादी स्त्री खजील होईल, पण तिला धीर येईल असे आम्हांला वाटत नाही.

दुसरा टप्पा परदेशवासाचा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील धर्मभगिनींच्या सहवासात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथून त्या १८८६ साली अमेरिकेस गेल्या. इंग्रजीतील ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ चे, तर मराठीतील ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे १८८९ चे. या प्रवासवृत्तात उपदेशाची जागा निरीक्षणाने घेतली आहे. अमेरिकेतील स्त्रिया संस्था कशा चालवतात, निधी कसा जमवतात, एकमेकींना कशा उभ्या करतात, याचे वर्णन त्या कौतुकाने करतात. पण कृष्णवर्णीयांवर व तेथील मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांच्या नजरेतून सुटत नाही. यजमानाचे अन्न खाऊन त्याचे दोषही सौम्यपणे सांगण्याचा हा सच्चेपणा मराठी प्रवासवर्णनात आजही विरळाच आहे. वाक्ये आता आटोपशीर झाली आहेत, आणि वाचकाला दटावण्याऐवजी लेखिका त्याला बरोबर घेऊन हिंडते.

तिसरा टप्पा केडगावचा, आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्यास आले. १८९३ साली मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आरोपावरून वादळ उठले, ‘केसरी’ने टीका केली आणि रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने केडगावच्या शेतजमिनीवर निवारे उभे राहिले व त्यांतून १८९८ साली मुक्ती सदन आकाराला आले. त्या काळातील दुष्काळाविषयीचे त्यांचे लेखन वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. समोरच्या उपाशी मुलींविषयी सांगण्याआधी रमाबाई आपल्या कुटुंबाची उपासमार सांगतात. रानोमाळ भटकणे, देवदर्शने, उपास, एकामागून एक झालेले मृत्यू हे सारे त्या लिहितात आणि मगच त्या मुलींकडे येतात. मदत करणारी व मदत घेणारी अशी फोड त्यात उरत नाही. दोघीही एकाच दुष्काळातून आलेल्या आहेत, एवढेच की एक जण आधी बाहेर पडली आहे.

हीच दृष्टी १९०७ सालच्या आत्मकथनात परिपक्व होते. मूळ इंग्रजीतील ही पुस्तिका मराठीत ‘माझी साक्ष’ या नावाने परिचित आहे. तिच्यातील मध्यवर्ती प्रसंग लंडनमधील फुलहॅम येथील आहे. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी धर्मभगिनी तेथे एक आश्रयगृह चालवीत असत. अशा स्त्रियांना कोणी इतक्या प्रेमाने वागवते हे रमाबाईंनी पूर्वी कधी पाहिले नव्हते. याचे कारण त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानलिखित शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीचा अध्याय वाचून दाखविला. विहिरीकाठी बसलेला, तहानेलेला आणि त्या स्त्रीजवळच पाणी मागणारा ख्रिस्त त्यांना तेथे भेटला. समीक्षक म्हणून आम्हांला येथे लेखिकेचा संयम विशेष वाटतो. या प्रसंगाभोवती त्या अलंकार रचत नाहीत, अश्रू ढाळीत नाहीत. जे पाहिले, जे विचारले, जे ऐकले ते क्रमाने सांगतात. पुढे, बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, अशी कबुली त्या देतात. ‘स्त्रीधर्मनीति’च्या पंडितेला अशी कबुली देता आली नसती. दुसऱ्याला धीर कसा द्यावा, याचे उत्तर या पुस्तिकेच्या घडणीतच आहे : आपण कोठे अडखळलो ते आधी सांगावे, मार्ग त्यानंतर दाखवावा.

ख्रिस्ती सहवासाचा अर्थ कळावा म्हणून त्यांचा पत्रव्यवहारही वाचावयास हवा. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. धर्मसभेचा अधिकार, सिद्धान्त आणि सदसद्विवेक यांवरून दोघींत तीव्र मतभेद झाले. कॅथलिक वाचकाला काही ठिकाणी सिस्टरांची बाजू पटेल, काही ठिकाणी रमाबाईंची. परंतु इतके वाद होऊनही रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या. नाते टिकावे म्हणून सत्य गिळायचे नाही, आणि सत्य सांगताना नाते तोडायचे नाही, ही अवघड गोष्ट त्या पत्रांतून शिकता येते.

आता उणिवांविषयी. ‘माझी साक्ष’मध्ये पूर्वजांच्या धर्माविषयी जे लिहिले आहे ते फार कठोर आहे. ज्या कर्मकांडाने व ज्या रूढींनी त्यांचे घर उद्ध्वस्त झाले, त्यांच्याविषयीचा हा संताप समजण्याजोगा आहे. तरीही ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भूमीतील भक्तीची ऊब या लेखनात जवळजवळ नाहीच, हे नमूद केले पाहिजे. इतर धर्मांतील सत्य व पावित्र्य नाकारू नये, असे महासभेने १९६५ साली सांगितले. तो धडा घेतलेल्या आजच्या वाचकाला ही उणीव खटकते. १८९३ च्या वादातून उठलेला प्रश्नही जुना झालेला नाही. सेवा ही सेवेसाठी की धर्मांतरासाठी, असे आपल्यालाही विचारले जाते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि येणाऱ्या मुलीला अडवत नसत. प्रार्थना लपवायची नाही आणि भाकरीच्या बदल्यात ती मागायचीही नाही, ही कसोटी आपल्या प्रत्येक सेवाकार्याने स्वतःला लावून पाहावी.

त्यांच्या बायबल भाषांतराविषयीही संमिश्र मत द्यावे लागते. प्रौढ वयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून सुमारे दीड तप त्यांनी हे काम केले. सदनातील स्त्रियांनीच ते केडगावच्या छापखान्यात जुळवले व छापले. नवा करार १९१३ साली निघाला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ त्यानंतर, १९२४ साली बाहेर आला. अल्पशिक्षित स्त्रीला कळेल असे साधे मराठी वापरावे, हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द शक्यतो टाळावे, हा त्यांचा बाणा होता. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराणा’त नेमका उलटा मार्ग धरला होता. ओवी, पुराण, वैकुंठ हे सारे त्यांनी या मातीतून उचलले. परक्या देशातून आलेल्याने येथील शब्दांना पाहुण्याच्या आदराने हात लावला, तर पुराणांतच वाढलेल्या कन्येने त्याच शब्दांचे ओझे उतरवू पाहिले. काव्यदृष्ट्या स्टीफन्स निःसंशय श्रेष्ठ आहेत. रमाबाईंचे भाषांतर मुळाशी इतके घट्ट बांधलेले आहे की मोठ्याने वाचताना ते जागोजागी अडते, आणि म्हणूनच बहुधा ते मंडळ्यांच्या नित्य वापरात रुजले नाही. तथापि शेवटच्या बाकावरच्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून पवित्र शास्त्राचे प्रत्येक वाक्य लिहावे, हा त्यांचा निश्चय आपल्या उपासनेची व प्रवचनांची भाषा घडवणाऱ्यांनी विसरू नये.

वाचकहो, या साऱ्याचा आपल्या धर्मग्रामांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आज शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत दूरदूरच्या प्रांतांतून माणसे कामाला येतात. दौंड तर रेल्वेचे जंक्शनच, तेथे बदलीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ नित्याची. त्यांच्यातील काही जण रविवारी मिस्साला येतात, मागे उभे राहतात आणि कोणाशी न बोलता परततात. आपण त्यांच्यासाठी काही केले, तर त्याचे वृत्त कोणत्या भाषेत लिहितो? ख्रिस्ती नियतकालिकांतील सेवाकार्याची वृत्ते सहसा देणाऱ्यांच्या नावांनी व वाटलेल्या वस्तूंच्या संख्येने भरलेली असतात. ज्याला मिळाले त्याचा आवाज त्यांत कोठेच ऐकू येत नाही. ही भाषा ‘स्त्रीधर्मनीति’च्या उच्चासनाचीच आहे, आणि जशी भाषा तशीच मग सेवाही घडते.

केडगावात रमाबाईंच्या भोवती एके काळी सुमारे दोन हजार स्त्रिया-मुले होती, आणि त्यांचे मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे. पण आमच्या मते त्यांच्या लेखनाचे मोठेपण या संख्येत नाही. पंडिता म्हणून गौरविल्या गेलेल्या बाईने पांडित्य बाजूला ठेवून, आपणही उपाशी होतो असे लिहिले, यात ते आहे. ‘माझी साक्ष’ ही लहानशी पुस्तिका आहे. प्रायश्चित्तकाळात धर्मग्रामातील चार-पाच कुटुंबांनी संध्याकाळी एकत्र बसून ती क्रमाक्रमाने वाचावी आणि त्या वाचनाला मागे उभ्या राहणाऱ्यांपैकी एकाला अगत्याने बोलवावे, अशी आमची विनंती आहे.