राक्षसांनाही व्याकरण असते

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. त्यावर मोहरी पेरून हिरवळ उगवते, बुरुजांवर मावळे बसतात, सिंहासनावर महाराज विराजमान होतात. एवढे झाले की मुलांचा खरा उद्योग सुरू होतो, तो म्हणजे त्या किल्ल्यावरच्या माणसांना बोलते करण्याचा. गडकरी पहारेकऱ्याला दरडावतो, हेर खबर घेऊन येतो, आणि ती खबर शत्रूला कळू नये म्हणून 'च'ची भाषा कामाला येते. 'तू कुठे जातोस' याचे 'चतू चठेकु चतोसजा' झाले, की गड सुरक्षित! जो जग निर्माण करतो त्याला त्या जगाची भाषाही निर्माण करावीशी वाटते. ही ओढ आपल्या घरातलीच आहे.

या ओढीला एका खेळाने फार मोठे अंगण मिळवून दिले. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसावे, एकाने सूत्रधार व्हावे, बाकीच्यांनी कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर व्हावे आणि फासे टाकीत एक काल्पनिक मुलूख पालथा घालावा, असा त्याचा थाट. आता तो आपल्याकडच्या शहरांतूनही खेळला जातो. अशा मुलुखांसाठी भाषा रचण्याचा छंद अनेकांना जडला आहे. छंद निरुपद्रवी आहे, यात शंका नाही. पण जिथे निर्मिती आली तिथे परीक्षणही आलेच. रचलेली भाषा चांगली की वाईट, हे ओळखायचे कशावरून?

शब्द चमत्कारिक असले म्हणजे भाषा निराळी झाली, असा पुष्कळांचा समज दिसतो. नावात दोनचार जोडाक्षरे कोंबावीत, मध्ये एक हिसका द्यावा, की झाली यक्षांची भाषा तयार! मूळ खेळातही यापलीकडे फारसे काही नाही. सर्वांना समजणारी एक 'सामान्य' भाषा ठरवून दिलेली असते, आणि यक्षांची किंवा बुटक्यांची भाषा 'येते' एवढी नोंद खेळाडूच्या कागदावर असली म्हणजे पुरते. आमच्या 'च'च्या भाषेचेही तेच आहे. ती मराठीच, फक्त सदरा उलटा घातलेली.

याहून खोल पाण्यात उतरलेली दोन माणसे सांगता येतील. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनी फिनिश भाषेच्या नादावरून एक आणि वेल्श भाषेच्या नादावरून दुसरी अशा यक्षभाषा रचल्या, आणि त्या बोलणारे कोणीतरी हवे म्हणून त्यांना इतिहास दिला. १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेली त्यांची त्रिखंडी कादंबरी या इतिहासाच्या शेवटाची कथा आहे. दुसरे एम. ए. आर. बार्कर. हे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे अध्यापक होते आणि उर्दूची पाठ्यपुस्तके त्यांच्या नावावर आहेत. १९७५ साली त्यांचा 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ निघाला. त्यातल्या त्सोल्यानी भाषेत समोरच्याला संबोधण्याची अनेक रूपे आहेत आणि त्यांपैकी कोणते वापरावे हे त्याच्या पायरीवरून ठरते. इंग्रज वाचकाला याचे नवल वाटेल; तू, तुम्ही आणि आपण यांतून रोज वाट काढणाऱ्या मराठी माणसाला मात्र यात मोठे मर्म दिसेल. सर्वनाम चुकले तर लग्न मोडेल, असा समाज त्या एका व्याकरणनियमातून उभा राहतो. शब्दांमागे माणसे दिसली पाहिजेत, ही आमच्या मते पहिली कसोटी.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे आणि तिच्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. पैठणला गेले तरी पुरे. सोमदेवाने अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितलेली गुणाढ्याची कथा सर्वश्रुत आहे. जलक्रीडेत राणी राजा सातवाहनाला म्हणाली, पाणी उडवू नका. पण 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी 'मोदकैः' असा झाला आणि राजाने मोदक मागविले! फजीत झालेल्या राजाला व्याकरण किती दिवसांत येईल यावर पैज लागली. गुणाढ्य ती हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या अरण्यात गेला. तिथे तो पिशाचांची भाषा शिकला आणि तीत त्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती पैशाची म्हणून झिडकारली. मग गुणाढ्य एकेक पान मोठ्याने वाचून अग्नीत टाकू लागला आणि भोवती जमलेले पशू आसवे ढाळीत ऐकू लागले. राजा धावत आला तेव्हा एकच लक्ष श्लोक उरले होते.

व्याकरणात नुकताच पास झालेला राजा जे ओळखू शकला नाही ते हरणांना कळले! पिशाचांनाही सांगण्यासारखे काही असते, ही ती गोष्ट. दुसऱ्याच्या तोंडी आपण जी भाषा घालतो तीत आपण त्याला काय समजतो याचा निवाडा असतो.

या कसोटीवर २०१५ सालचा 'बाहुबली' चित्रपट पाहावा. त्यातल्या कालकेयांसाठी मदन कार्की यांनी किलिकी नावाची भाषा नेटाने रचली. तिला स्वतःचा शब्दसंग्रह आहे, नियम आहेत. कारागिरी वाखाणण्याजोगी आहे. पण राज्य करणारे ते आपल्यासारखे बोलणारे, आणि रचलेली भाषा वाट्याला आली ती काळ्या, रानटी शत्रूच्या. आपल्या कानी पडते ती मुख्यतः धमकी आणि डरकाळी. कालकेयांची आई मुलाला झोपविताना काय म्हणते, हे आपल्याला कधीच कळत नाही. आमच्या पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांनीही निराळे काय केले? राजाला संस्कृतप्रचुर वाक्ये, हुजऱ्याला गावरान बोली, आणि तीही हशा पिकविण्यापुरती.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की दौंड तालुक्यात यवत लागते. ज्या भुलेश्वराच्या देवळात स्त्रीरूपातला गणपती कोरलेला आहे त्याचा डोंगर इथून जवळच. अद्भुताला तोटा नाही! पण भाषा रचू पाहणाऱ्याने आधी या भागातल्या गुऱ्हाळावर जावे. चुलवाण, काहील, मळी, काकवी, ढेप. आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे नजरेने ओळखणारा गुळव्या. एका पदार्थाच्या प्रवासाला इतके शब्द लागतात, हे ज्याने पाहिले तो आपल्या कल्पित मुलुखालाही एखादा धंदा देईल आणि त्या धंद्यातून शब्द आपोआप उगवतील.

तिथून बाजाराकडे वळावे. जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवीत. दलालांची आणि सराफांची नंदभाषाही होतीच. मोल्सवर्थच्या कोशात ती नोंदलेली आहे: एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू. ही भाषाही कोणीतरी रचलेलीच. पण ती नुसत्या हौसेने रचलेली नव्हती. गिऱ्हाइकासमोर गिऱ्हाइकाचाच भाव करायचा होता. आकडे झाकायची गरज होती म्हणून आकड्यांना नवे शब्द मिळाले. गरज कुठे आहे ते सापडले, की शब्द बनविणे सोपे असते.

यंदाच्या सुट्टीत घरातल्या मुलांनी एखादे राज्य उभारले, तर त्यांना शब्दकोश विचारू नये. तिथले लोक काय पिकवतात, कोणाला 'अहो' म्हणतात, काय लपवतात आणि कशाला हसतात, एवढे विचारावे. आणि एक प्रश्न आवर्जून विचारावा: तुमचे राक्षस घरी गेल्यावर काय बोलतात? त्याचे उत्तर ज्या मुलाला सुचेल, त्याची भाषा कितीही ओबडधोबड असो, ती जिवंत आहे असे खुशाल समजावे.