चूल, जाते आणि पोथी : घरकामाच्या वेळेचे वाङ्मयीन रूप

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'घरगुती' हे विशेषण फारसे तपासले गेलेले नाही. स्त्रियांच्या आत्मकथनांविषयी लिहिताना ते 'प्रांजळ', 'सहज', 'अकृत्रिम' या विशेषणांच्या जोडीने येते आणि स्तुती करता करता एक निवाडाही देऊन जाते. तो निवाडा असा, की या लेखनात जीवन आहे, परंतु रचना नाही. मग स्वयंपाक, पाणी भरणे, दळणकांडण, उष्टीखरकटी हे सारे तपशील 'वातावरणनिर्मिती' या सदरात जमा होतात आणि समीक्षक पुढच्या, अधिक महत्त्वाच्या मानलेल्या प्रश्नांकडे वळतो. प्रस्तुत लेखात याहून वेगळी भूमिका मांडावयाची आहे. घरकाम हा या संहितांचा केवळ आशय नव्हे. त्यांच्या कालरचनेचे ते तत्त्व आहे. केव्हा वाचावयाचे, किती वेळ, कुणाच्या नजरेआड, हात कशात गुंतलेले असताना, हे प्रश्न या लेखनाच्या रूपाशी निगडित आहेत.

आरंभ एका प्रदेशापासून करणे सोयीचे होईल. पनवेल–रोहा लोहमार्गावर नागोठणे आणि रोहा यांच्या दरम्यान निडी हे लहानसे स्थानक लागते. पेण आणि रोहा या तालुक्यांचा हा पट्टा भाताचा. भात हे येथे केवळ शेतातील पीक नाही. उंबरठ्याच्या आतील श्रमांचे ते वेळापत्रकही आहे. वाळवणे, कांडणे, पाखडणे, निवडणे, दळणे, आणि मग पेज, भाकरी, पोहे. पेणचे पोहे आणि पापड बाजारात नावाजले गेले. ज्या कामाला घरात नाव नव्हते, त्याला बाजारात नाव आणि किंमत मिळाली. काम बदलले नाही. ते मोजणारी नजर बदलली. समीक्षेतही असेच काही घडते काय, हे पाहावयाचे आहे.

याच पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव (१८९५). कुटुंब पुढे बडोद्यास गेले. त्यांच्या आई रुक्मिणीबाई यांना गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत येत नव्हते आणि हाती आलेला मराठी पद्यानुवादही दुर्बोध वाटला. तेव्हा मुलानेच तो करावा, असे त्यांनी सुचविले. १९१८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. 'गीताई' प्रसिद्ध झाली १९३२ मध्ये. ही हकीकत सामान्यतः मातृभक्तीची म्हणून सांगितली जाते. ती एका वाचकाची हकीकत म्हणूनही वाचता येईल. रुक्मिणीबाईंचे म्हणणे हे एक समीक्षात्मक विधान आहे. ग्रंथ पवित्र असणे पुरेसे नाही, आणि तो मराठीत असणेही पुरेसे नाही. दिवसभराच्या कामातून उरलेल्या वेळात तो कळला पाहिजे, तोंडात बसला पाहिजे. 'गीताई'चा सुबोध समश्लोकी घाट या मागणीला जवळचा आहे. हात कामात असताना पोथी उघडता येत नाही. पाठ केलेला श्लोक मात्र म्हणता येतो. तथापि जिच्या मागणीतून हा ग्रंथ आला ती वाचक तो येण्यापूर्वी चौदा वर्षे गेलेली होती, हेही विसरता येत नाही.

२

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये लेखिकेसाठी पैसा आणि स्वतःची खोली यांची आवश्यकता प्रतिपादन केली. हे सूत्र मराठी समीक्षेत पुष्कळदा उद्धृत होते, परंतु येथील संहितांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे खोलीपेक्षा मोठी उणीव सलग वेळेची आहे. मिशेल द सर्तो यांनी दैनंदिन व्यवहारांविषयीच्या आपल्या प्रकल्पात (१९८०) वाचन ही एक प्रकारची चोरटी शिकार मानली, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या रानात शिरून आपल्यापुरते काही मिळवणे. त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या खंडात ल्यूस जिआर यांनी स्वयंपाकाला स्मृती, बुद्धी आणि कल्पकता यांची मागणी करणारी कृती म्हणून स्थान दिले. मराठी आत्मकथनांच्या संदर्भात या दोन विचारांची सांगड घालावी लागते. येथे वाचणारी स्त्री परक्याच्या ग्रंथात शिरते हे खरे. पण तत्पूर्वी तिला परक्या वेळेत शिरावे लागते. तिचा दिवस घराच्या मालकीचा असतो, आणि वाचन ही त्या दिवसातून केलेली चोरी ठरते.

३

१९१० या वर्षी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एक, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया'. दुसरे, रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. पहिले पाककृतींच्या इतिहासात गेले, दुसरे आत्मचरित्रांच्या. दोन्ही एकाच वाचकवर्गाला उद्देशून होती, ही बाब या विभागणीत झाकली गेली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्र' (१८७५) या ग्रंथापासून स्वयंपाक हा मराठीत वाचण्याचा विषय झाला होता. १९१० पर्यंत तो स्त्रीने लिहिण्याचाही झाला. पाकपुस्तक हे असे एकमेव पुस्तक, जे वाचीत असताना गृहिणीवर कामचुकारपणाचा आरोप येण्याचा संभव सर्वांत कमी. ते चुलीशेजारी उघडे ठेवता येते.

रमाबाईंचे वाचन नेमके याच्या उलट होते. न्यायमूर्ती रानडे त्यांना शिकवीत. अभ्यास रात्री होई आणि दिवस घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या सहवासात, त्यांच्या टोमण्यांत जाई. इंग्रजीच्या अभ्यासावर त्यांचा विशेष रोष होता. या प्रसंगांचे वाचन बहुधा 'सुधारक पती आणि सनातनी घर' या चौकटीत होते. परंतु त्या स्त्रियांचा रोष केवळ अक्षरांवर नव्हता. वाचणाऱ्या सुनेचे काम दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडणार, हा हिशेबही त्यात होता. रमाबाई उलट उत्तर देत नाहीत, कामही सोडत नाहीत. त्यांच्या गद्यातील संयम हा केवळ स्वभावाचा भाग नव्हे. दोन हिशेब एकाच वेळी सांभाळणाऱ्या निवेदकाची ती शिस्त आहे. आणि सुधारणेने त्यांना जो वेळ दिला तो दिवसातून काढून दिलेला नव्हता, झोपेतून काढलेला होता, हेही नोंदवले पाहिजे.

याच आठवणींत पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण येते. १८९० मध्ये पुण्यात मिशनऱ्यांकडे झालेल्या चहापानास उपस्थित असलेल्यांची नावे गोपाळराव जोशी यांनी जाहीर केली. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले आणि रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. एक पेला चहा महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा विषय झाला, आणि ते योग्यच झाले. मात्र त्यातून एक विषमता दिसते. कुणाच्या हातचे काय प्यावयाचे ही सीमा स्वयंपाकघरात रोज राखली जात होती आणि ती राखण्याचे श्रम स्त्रियांचे होते. ती सीमा पुरुषांनी दिवाणखान्यात एकदा ओलांडली तेव्हा इतिहास घडला. स्त्रियांनी ती रोज राखली, प्रसंगी वाकवली, त्याला 'घरगुती' म्हटले गेले.

४

लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. तिच्यात ही विषमता आतून उलटलेली दिसते. ग्रंथाच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याचे चित्र येते. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, या हट्टापायी घरातील स्त्रियांची दमछाक होते. येथील विनोदाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याच्या मुळाशी श्रमांचा हिशेब आहे, याकडे मात्र कमी लक्ष गेले. सोवळे ही पुरुषाची कल्पना असते आणि धुणे हे स्त्रीचे काम. या दोहोंतील अंतर दाखविणे एवढेच लक्ष्मीबाई करतात; हसू त्या अंतरातून येते.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. मधल्या काळाचे निवेदन हा या ग्रंथाचा गाभा आहे. येथे धर्मविचार तत्त्वचर्चेच्या भाषेत येत नाही. तो पाण्याच्या आणि अन्नाच्या भाषेत येतो. जातिभेद मनातून गळून पडला याची खूण लक्ष्मीबाई कुणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यातून देतात. 'साधी बाई, म्हणून साधे उदाहरण' असे याचे स्पष्टीकरण देणे म्हणजे संहितेवर अन्याय करणे होय. जिथे धर्म रोजच्या रोज पाण्याच्या भांड्याने राखला जातो, तिथे त्याचा त्यागही त्याच भांड्यापाशी होणार. तत्त्व एकीकडे आणि उदाहरण दुसरीकडे, अशी फोड येथे करताच येत नाही.

५

घरकाम आणि रूप यांचा संबंध जात्यावरच्या ओवीत सर्वांत स्पष्ट आहे. दगडाचा फेरा, मूठभर दाणे वैरण्यासाठीचा क्षणिक विराम, समोरच्या बाईने उचललेला सूर या गतीत ओवी घडते. ती लहान असते, कारण तिला कुठेही थांबता आले पाहिजे. ती पुन्हा जोडता येते, कारण दळण अजून संपलेले नसते. साने गुरुजींनी अशा ओव्यांचा मोठा संग्रह 'स्त्री जीवन' या नावाने केला. पुढे गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, कष्ट वाचले, आणि या रचनेचा प्रसंगही संपला. याविषयी हळहळ व्यक्त करणे सोपे आहे. पण ती हळहळ दळणाऱ्या बाईची नव्हे, संग्राहकाची आहे. पहाटेची ती दोन प्रहरांची मोलमजुरी परत यावी असे तिने म्हटले असते काय, हा प्रश्न लोकवाङ्मयाच्या अभ्यासकाने स्वतःला विचारावयास हवा. निरक्षर बहिणाबाई चौधरी यांची कविता मुलाने टिपून घेतल्यामुळे १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूप झाली. तेथेही रचना कामाच्या ओघातली आणि लेखणी दुसऱ्याची.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकात ही विभागणी वेगळ्या रीतीने दिसते. तेथील प्रकरणे म्हणजे रात्री आहेत. दिवसभराची कामे उरकल्यावर श्याम सांगतो आणि आश्रमातील मित्र ऐकतात. आईचे राबणे हा विषय आहे. सांगण्याचा निवांतपणा मुलाचा आहे. हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले गेले. त्याआधी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनीच लिहून घेतली. कारावासाचे कष्ट कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु आईच्या आठवणींनी भारलेल्या या दोन पुत्रांना जो सलग वेळ तुरुंगात मिळाला, तो त्यांच्या आयांना घरात कधी मिळाला नव्हता.

रुक्मिणीबाईंविषयी विनोबांनी सांगितलेली आणखी एक आठवण येथे बोलकी ठरते. त्यांनी देवाला लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता आणि त्या रोज एकेक दाणा मोजीत. वडिलांनी थोडे तांदूळ तोलून, त्यावरून लाखाचे वजन काढण्याचा मार्ग सुचविला. विनोबांनी मात्र मोजण्याच्या कृतीतच उपासना पाहिली. दोन्ही स्पष्टीकरणे पुरुषांची आहेत. एक श्रम वाचवू पाहते, दुसरे श्रमाला पावित्र्य देते. तिसरीही शक्यता संभवते. निवडण्या-पाखडण्यात गेलेल्या दिवसात हे मोजणे एवढेच तिचे स्वतःचे होते. ते लवकर संपावे, असे तिला वाटण्याचे कारण नव्हते.

६

आतापर्यंतची चूल बहुतांशी उच्चवर्णीय घरातील होती. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) हे पुस्तक मूळ प्रश्नच बदलते. जिथे पोट भरण्यासाठी निवडुंगाची बोंडे खावी लागतात, तिथे स्वयंपाक म्हणजे पाककृती नव्हे. काय खाण्याजोगे आहे याचा तो शोध आहे. उरलेल्या वेळेचा प्रश्नही येथे अधिक टोकदार होतो. फलटणच्या आपल्या दुकानात बेबीताई मालाच्या बांधणीसाठी आलेले वर्तमानपत्रांचे कागद वाचीत, आणि लिहिलेले घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवीत. तुकड्यांतून वाचणे आणि लपवून लिहिणे, असा या संहितेचा जन्म आहे. तिच्यातील निवेदन 'मी'कडून 'आम्ही'कडे सतत सरकते, याची मीमांसा समूहभानाच्या अंगाने झाली आहे. त्याला या लेखनस्थितीचीही जोड द्यावी लागेल.

उर्मिला पवार यांनी 'आयदान' (२००३) या शीर्षकातच आईच्या बांबूकामाला आपल्या लेखनाशेजारी बसविले. रत्नागिरीकडील कोकणात विधवा आई सुपे-टोपल्या विणून घर चालवते. मुलगी पुढे शिकते, नोकरी करते, आणि एम. ए. करू लागल्यावर घराकडे दुर्लक्ष होत असल्याचा आक्षेप तिलाही ऐकावा लागतो. रमाबाईंच्या आठवणींनंतर जवळजवळ शतकाने, संपूर्ण वेगळ्या जातिवर्गात, तोच हिशेब पुन्हा पुढे येतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात दलितांच्या अन्नाला पाकपुस्तकांच्या परंपरेत जागा मागितली, तेव्हा 'गृहिणी-मित्र'पासून कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'पर्यंत (१९७०) 'मराठी स्वयंपाक' म्हणून कोणता स्वयंपाक गृहीत धरला गेला, हेही उघड झाले.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक खंडितता कामातून आली असे म्हटले, तर लेखिकेच्या कलात्मक निवडीला जागाच उरत नाही आणि 'सहज' या जुन्या विशेषणाच्या जागी 'परिस्थितिजन्य' हे नवे विशेषण तेवढे येते. हा आक्षेप रास्त आहे. घरकाम रूप ठरवीत नाही. ते मर्यादा घालते, आणि त्या मर्यादेत निवड होते. रमाबाई संयम निवडतात, लक्ष्मीबाई विनोद, बेबीताई समूहाचा स्वर. मर्यादा समान असूनही निवडी भिन्न आहेत, म्हणूनच येथे शैलीचा विचार शक्य होतो आणि आवश्यकही.

तेव्हा अशा संहिता वाचताना काही साध्या नोंदी कराव्या लागतील. निवेदनात दिवसाचा कोणता प्रहर आहे? वाचणारी व्यक्ती वाचते तेव्हा तिचे काम कोण करीत आहे? ते काम संहितेत दिसते काय? हे प्रश्न केवळ स्त्रियांच्या लेखनाला विचारून भागणार नाही. ज्या कादंबऱ्यांतील नायक रात्र रात्र वाचीत बसतो आणि सकाळी त्याच्यापुढे चहाचा कप आपोआप येतो, त्यांनाही ते विचारले पाहिजेत. तो कप कुणी आणला याचा उल्लेख नसणे, हाही त्या कादंबरीच्या रचनेचाच एक भाग आहे.