जन्मजात हृदयावरणदोषांचे प्रतिमानिदान : एक चिकित्सा

प्रस्तावना :
हृदयाभोवतीचे आवरण जन्मतःच अंशतः वा पूर्णतः नसणे, हा अत्यंत दुर्मिळ दोष होय. रेआल्दो कोलोम्बो या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या १५५९ मधील ग्रंथात त्याचा उल्लेख आढळतो. जिवंत रुग्णात त्याचे निदान होण्यास मात्र १९५९ साल उजाडावे लागले. तोवर हा दोष प्रामुख्याने शवविच्छेदनात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळीच उघड होत असे. क्ष-किरण, इको, सी.टी. स्कॅन आणि एम.आर.आय. यांनी ही स्थिती पालटली. तथापि या तंत्रांच्या प्रामाण्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन :
इको तपासणीत या रुग्णांचे उजवे निलय मोठे भासते व निलयांमधील पडद्याची हालचाल विपरीत दिसते. परिणामी अलिंदांमधील पडद्याला छिद्र असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. सी.टी. व एम.आर.आय. अधिक विश्वसनीय मानले जातात. परंतु मूळ अडचण तेथेही उरतेच. निरोगी हृदयावरणाची जाडी साधारणतः २ मि.मी.हून कमी असते आणि भोवती चरबी असेल तरच ते ठळक दिसते. डाव्या बाजूस चरबी विरळ असल्याने निरोगी व्यक्तीतही ते पुष्कळदा दिसत नाही. आणि बहुसंख्य दोष नेमके डावीकडेच असतात.

भाट्ट मीमांसकांनी अभावज्ञानासाठी 'योग्यानुपलब्धी'ची अट घातली. वस्तू असती तर दिसलीच असती, अशा स्थितीतच तिचे न दिसणे हा पुरावा ठरतो. ही अट येथे तंतोतंत लागू पडते. म्हणूनच आवरण न दिसण्यापेक्षा हृदयाचे डावीकडे सरकणे, महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्यामध्ये फुप्फुसाचा भाग शिरणे आणि कूस बदलताच हृदय अधिक ढळणे, ही अप्रत्यक्ष लक्षणे निर्णायक ठरतात.

या लक्षणांनाही मर्यादा आहे. आवरणाचा संपूर्ण अभाव बहुधा निरुपद्रवी असतो. याउलट अंशतः अभावात हृदयाचा भाग छिद्रातून बाहेर येऊन आवळला जाण्याचा व क्वचित आकस्मिक मृत्यूचा धोका संभवतो. आणि नेमक्या याच प्रकारात हृदय पुष्कळदा जागचे हलत नाही. म्हणजेच निरुपद्रवी दोष प्रतिमेत ठळक उमटतो, तर घातक दोष झाकलेला राहतो.

निष्कर्ष :
प्रतिमा अभाव दाखवत नाही. अभावाचे परिणाम दाखवते. त्यांचा अर्थ लावण्याचे उत्तरदायित्व यंत्राचे नसून चिकित्सकाचे आहे.