सोल: काळजाचं गाणं आणि कारागिरी

अमेरिकन सोल संगीत म्हटलं की ‘काळजातून आलेलं गाणं’ असं लिहून आपण मोकळे होतो. काळीज होतंच, पण ते चर्चमध्ये वर्षानुवर्षं गाऊन तयार झालेलं होतं. 1954 मध्ये रे चार्ल्सने चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांचा साज चढवून ‘आय गॉट अ वुमन’ हे प्रेमगीत ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा धार्मिक श्रोत्यांना अभंगाच्या चालीवर लावणी ऐकल्यासारखं झालं. गॉस्पेलमधला लाडका गायक सॅम कुकही 1957 मध्ये ‘यू सेंड मी’ घेऊन पॉपकडे वळला आणि पहिल्या क्रमांकावर पोचला.

पुढे दोन शहरांनी दोन घराणी घडवली. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन 1959 मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा पाया घातला. तो मोटारींच्या कारखान्यात राबलेला माणूस. गाणंही तपासणीत पास झाल्याशिवाय बाजारात सोडत नसे. मेम्फिसला स्टॅक्स या कंपनीचा स्टुडिओ जुन्या सिनेमा थिएटरात होता, जमीनही तशीच उतरती. तिथे बुकर टी. अँड द एमजीजमध्ये काळे-गोरे वादक एकत्र वाजवत, तेही वर्णभेदाने पोखरलेल्या शहरात. मोटाउन गुळगुळीत, स्टॅक्स रांगडं, ही वाटणी मला पटत नाही. मोटाउनच्या जेम्स जेमर्सनचा बास तेवढा कान देऊन ऐका. वर गोड गाणं चाललेलं असताना खाली त्याला क्षणाची स्वस्थता नसते.

कारागिरी म्हणजे काय, ते ‘रिस्पेक्ट’मध्ये दिसतं. ओटिस रेडिंगच्या 1965 च्या मूळ गाण्यात कामावरून घरी येणारा पुरुष मान मागतो. 1967 मध्ये अरेथा फ्रँकलिनने ते बाईच्या तोंडी दिलं आणि सगळी बाजूच उलटली. शीर्षकाचं अक्षर न् अक्षर सुटं करून ठासून म्हणणं मूळ गाण्यात नव्हतंच. मागे तिच्या बहिणी, पियानोवर ती स्वतः, आणि मध्येच किंग कर्टिसचा सॅक्सोफोन. नागरी हक्कांच्या आणि स्त्रियांच्या चळवळींनी हे गाणं आपलं म्हटलं, त्यात नवल नाही.

पैशाचं मात्र वेगळं. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार-संगीतकाराला. गायकाला काही नाही. म्हणजे अरेथाचं ‘रिस्पेक्ट’ वाजे आणि पैसे जात रेडिंगच्या खात्यात. वादकांची तऱ्हा याहून वाईट. मोटाउनच्या वादकांची नावं अल्बमवर छापली गेली ती थेट 1971 मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. करारातल्या एका कलमापायी स्टॅक्सची मूळ ध्वनिमुद्रणं 1968 मध्ये अटलांटिक कंपनीकडे गेली. 1975 मध्ये स्टॅक्सचं दिवाळं निघालं.

आज सोल सगळीकडे आहे: जाहिरातीत, सिनेमात, हिप-हॉपच्या सॅम्पलमध्ये. एमी वाइनहाउसच्या ‘बॅक टू ब्लॅक’ला (2006) ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या वादकसमूहाने जुना नाद दिला. तो अल्बम मला आवडतो. त्यानंतर आलेल्या बऱ्याच नकलांत मात्र नुसता पोशाख उरला. स्टॅक्सच्या पाडलेल्या इमारतीच्या जागी आता संग्रहालय आहे आणि शेजारी मुलांना संगीत शिकवणारी अकादमी. जुन्या नादाच्या नव्या रेकॉर्डींपेक्षा माझा भरवसा त्या अकादमीवर जास्त आहे.