फुटांच्या मापाने विकलेला ओढा : रिचर्ड ब्रॉटिगनच्या ‘ट्राउट फिशिंग इन अमेरिका’चे एक वाचन

रिचर्ड ब्रॉटिगन (१९३५-१९८४) या अमेरिकन लेखकाची ‘ट्राउट फिशिंग इन अमेरिका’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या लेखनाचा प्रारंभ मात्र १९६१च्या उन्हाळ्यातला. त्या उन्हाळ्यात ब्रॉटिगन पत्नी व लहान मुलीसह आयडाहो राज्यातील स्टॅन्ली खोऱ्यात तंबू ठोकून राहिला होता आणि तेथील ओढ्यांत व सरोवरांत ट्राउट पकडत होता. रूढ अर्थाने या कादंबरीला कथानक नाही. तुटक, छोटी प्रकरणे आहेत. आणि शीर्षकातील शब्द कधी एखाद्या व्यक्तीचे, कधी हॉटेलचे, तर कधी लेखणीच्या टोकाचे नाव होऊन येतात.

या कादंबरीचा प्रचलित अन्वयार्थ असा, की ती हरवलेल्या निसर्गाचे शोकगीत आहे. अमेरिकेच्या पश्चिमेत एके काळी निर्मळ ओढे होते, यंत्रयुगाने ते नासवले, आणि मासेमारीला निघालेल्या निवेदकाच्या हाती केवळ त्या स्वप्नाचे अवशेष लागतात, असे हे वाचन सांगते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. मूळचा शुद्ध निसर्ग होता आणि तो पुढे बाजारात गेला, असा क्रम त्यात गृहीत धरला जातो. कादंबरीची संहिता आणि ट्राउट या माशाचा इतिहास मात्र या क्रमाला दुजोरा देत नाहीत.

कादंबरीच्या अखेरीकडे येणारे ‘क्लीव्हलँड रेकिंग यार्ड’ हे प्रकरण या संदर्भात कळीचे आहे. मोडलेल्या इमारतींचे सामान विकणाऱ्या वखारीत निवेदक जातो. तेथे वापरलेला ट्राउटचा ओढा विक्रीला आहे. पहिल्या शंभर फुटांना फुटामागे साडेसहा डॉलर, पुढे पाच डॉलर. धबधबे वेगळे विकले जातात आणि ते वरच्या मजल्यावर, जुन्या नळसामानाच्या विभागात ठेवलेले आहेत. झाडे, पक्षी, फुले यांचा आकार निराळा. कीटक मात्र किमान दहा फूट ओढा घेतल्यास फुकट. ओढ्यात मासे किती आणि कोणते मिळतील, हा नशिबाचा भाग असल्याचे विक्रेता सांगतो. या प्रकरणातील विनोदाची खरी धार विक्रेत्याच्या स्वरात आहे. त्यात उपरोध नाही, फसवणूक नाही. तो लोखंडी सळ्या विकावा तसा ओढा विकतो. निवेदकही संतापत नाही. रचून ठेवलेल्या तुकड्यांत त्याला खरोखरच ट्राउट दिसतात, आणि हात घातला तर पाणी गारही लागते. शोकगीताला आवश्यक असणारे हळहळणे येथे नाही. आरंभीच्या एका प्रकरणात, लहानपणी दुरून धबधबा वाटलेली गोष्ट जवळ जाताच लाकडी जिना निघाल्याची आठवण येते. म्हणजे निसर्गाचे कृतक रूप या निवेदकाला प्रौढपणी नव्हे, पहिल्याच मासेमारीच्या वेळी भेटलेले आहे.

पश्चिमेतील डोंगराळ प्रदेशातील ट्राउटचा इतिहास पाहिला, तर ही वखार निव्वळ कल्पनाविलास राहत नाही. तेथील उंचावरची सरोवरे हिमनद्यांनी कोरलेली. खालच्या प्रवाहांतील मासे धबधब्यांमुळे तेथवर चढू शकत नसत. त्यामुळे बहुसंख्य सरोवरांत मूळचे मासेच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मत्स्यबीज केंद्रांत वाढवलेली पिले खेचरांच्या पाठीवरून, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांतूनही, या पाण्यात सोडण्यात आली. ब्राउन ट्राउट तर १८८३ साली जर्मनीतून अंड्यांच्या रूपात अमेरिकेत आला. (भारतीय वाचकाला यात नवल वाटू नये, काश्मीर व निलगिरीतील ट्राउट हाही ब्रिटिश अमदानीत आणलेला पाहुणाच आहे.) विमानातून मासे टाकता येऊ लागल्यावर धबधब्याचे अडसर म्हणून असलेले काम संपले. तो केवळ शोभेचा उरला, म्हणजेच वेगळा काढून विकता येण्याजोगा झाला. ज्याला ‘रानातले शेवटचे निर्मळ पाणी’ म्हटले गेले, ते अनेक ठिकाणी शासकीय खात्याने मासे भरलेले पाणी होते. या भरतीची किंमत स्थानिक जीवांनी मोजली. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील पिवळ्या पायांचा बेडूक, ज्याची पिले ट्राउटच्या भक्ष्यस्थानी पडली, २०१४ साली संकटग्रस्त म्हणून घोषित झाला.

स्टॅन्ली खोऱ्यातील इतिहास याहून बोलका आहे. १९५० व १९६०च्या दशकांत आयडाहोच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने या खोऱ्यातील स्टॅन्ली, पेटिट आणि यलोबेली या सरोवरांत विषद्रव्य टाकून ‘निरुपयोगी’ मासे मारले आणि ट्राउटसाठी जागा केली. त्यात समुद्रातून परतणाऱ्या सॉकाय सामनचीही तेथील वीण नष्ट झाली. ब्रॉटिगनला याची माहिती होती, असे सुचवण्याचे कारण नाही. पण ‘द सर्जन’ हे प्रकरण या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावे लागते. लिटल रेडफिश सरोवराच्या काठी निवेदकाला एक शल्यचिकित्सक भेटतो. व्यवसाय सोडून तो उत्तम शिकार आणि उत्तम मासेमारी मिळेल अशी जागा शोधत हिंडतो आहे. त्याच्या हाती चब लागतो, ट्राउटच्या शौकिनाला नकोसा असलेला मासा. तो सुरीने त्याचा गळा चिरून त्याला पुन्हा पाण्यात टाकतो. त्या माशाच्या बुडण्याचे वर्णन ब्रॉटिगन शाळेजवळच्या वेगमर्यादेच्या पाटीची भाषा वापरून करतो. ही भाषा विक्षिप्त वाटते खरी, पण ती नेमकी आहे. हा मृत्यू क्रोधाचा नाही, नियमपालनाचा आहे. कोणता मासा हवा आणि कोणता नको, हे आधीच ठरले आहे. सर्जन त्या निर्णयाची स्वच्छ हातांनी अंमलबजावणी करतो.

नॉर्मन मॅक्लीनच्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९७६) या लघुकादंबरीशी तुलना केल्यास हा फरक उठून दिसतो. मॅक्लीनच्या माँटाना राज्यात धर्मोपदेशक पिता मुलांना चार मात्रांच्या लयीत गळ फेकायला शिकवतो; मासेमारी ही तेथे कृपेची वाट आहे. कलाकृती म्हणून ही लघुकादंबरी ब्रॉटिगनच्या विस्कळीत पुस्तकाहून निःसंशय श्रेष्ठ आहे, विशेषतः भावाच्या मृत्यूचे मौन तिने ज्या संयमाने पेलले आहे त्यात. परंतु तिच्यातील ब्राउन ट्राउट कोठून आला, हा प्रश्न त्या श्रद्धेच्या वातावरणात उद्भवतच नाही. ब्रॉटिगनची वखार तो उद्भवू देते.

अर्थात ब्रॉटिगनच्या दृष्टीलाही मर्यादा आहे. ‘रेडफिश’ हे नाव विणीच्या काळात लाल होणाऱ्या सॉकायवरून पडले. कादंबरी त्याच पाण्याकाठी मुक्काम करते, पण तो मासा आणि त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेले शोशोन-बॅनॉक लोक तिचा विषय होत नाहीत. वखारीतल्या ओढ्याची किंमत कळते. तो पूर्वी कोणाचा होता, हे ग्राहक विचारत नाही. हा माशाचा प्रश्न शोशोन-बॅनॉक लोकांनीच १९९० साली शासनाकडे अर्ज करून उपस्थित केला. १९९१ साली स्नेक नदीचा सॉकाय संकटग्रस्त ठरला, आणि १९९२ साली रेडफिश सरोवराकडे समुद्रातून एकच नर परतला.